कानाची तपासणी

बर्न्लीच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
माझी खोली म्हणजे कापूस ठासलेली पेटी.
दार लावलं की जग बंद.
आत माणसं बसवते, हेडफोन चढवते,
म्हणते, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा.

विनिफ्रेड एन्टविसल, वय शहाऐंशी,
हिनं एकदाही दाबलं नाही.
काचेअलीकडे मी सोबतिणीला हळूच म्हटलं,
बाई ठार बहिरी दिसतेय.
आतून उत्तर आलं, "दिसतेय नव्हे, आहेच.
आणि तुझी डावी दाढ दुखतेय का गं?
एका बाजूनं बोलतेस."

मग ती सांगत बसली. मशीन चालूच होतं,
आलेखावर एक टिंब नाही.

नेल्सनच्या गिरणीत एका छपराखाली हजार माग.
तिथं आवाज चढवणं म्हणजे समुद्रात थुंकणं.
बाया नुसत्या ओठांनी बोलत:
कुणाचं मोडलं, कुणाला दिवस गेले,
मुकादम आत्ता कुठल्या रांगेत आहे.
तिची आत्या झिला बाराव्या वर्षी तिथं लागली,
अर्धा दिवस माग, अर्धा दिवस शाळा,
शाळेत झोप.
धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून ओढून
पुढचे दोन दात विशीतच गेले.

तीच झिला मंत्री झाली.
कशी, ते विनिफ्रेडनं एका दमात उरकलं:
संघटना, संप, दोनदा पडली, तिसऱ्यांदा आली.
टोपीवर मात्र दहा मिनिटं घालवली.
खुंट्या पुरुषांच्या उंचीच्या,
आणि कुणी "द्या इकडे" म्हणेना,
म्हणून पहिल्या बैठकीत टोपी मांडीवर.

लांबलचक टेबल. एकवीस पुरुष आणि ती.
पलीकडच्या टोकाला दोघं कुजबुजले;
तिच्या लेखी ती भर चौकातली दवंडी.
"बसलीय बघ, अंड्यांवर कोंबडी बसावी तशी."
झिलानं पेन्सिल खाली ठेवली.
"अंडी तीन आठवड्यांत उबतात, साहेब.
तुमचं विधेयक दोन वर्षं गारच आहे."
तेव्हापासून म्हणे तिच्या समोर
मंत्री तोंडापुढे फाइल धरून बोलत.

मी हसले. मला वाटलं, गोष्ट झाली.

"मग सरकारकडचे पैसे संपले," विनिफ्रेड म्हणाली.
बेकारी भत्त्याचा कागद आला:
लग्न झालेल्या बायकांना वगळा, नवरा आहे ना पोसायला.
खातं तिचं. सहीही तिचीच.
मी नसते तर याहून वाईट कागद आला असता,
असं ती मरेपर्यंत म्हणायची.
खरंही असेल. कोण जाणे.

त्या शनिवारी ती नेल्सनला उतरली.
समोरच्या फलाटावर बाया, चाळीस-पन्नास.
घोषणा नाहीत, दगड नाहीत.
एक बातमीदार होता, त्यानं लिहिलं,
"मंत्रीबाईंचे शांततेत आगमन."
फक्त ओठ हलत होते, सगळ्यांचे,
मागावर हलायचे तसे,
जिला वाचता येतं तिच्यासाठी.

आत्यानं टोपी काढून हातात धरली.
गाडी सुटली, धूर विरला,
शेवटच्या बाईचं होईतो ती जागची हलली नाही.
"मी सात वर्षांची, तिचं बोट धरून.
मलाही येत होतं वाचायला."

काय म्हणत होत्या? मी विचारलं.

तिनं हेडफोन काढून ठेवले,
तोंड माझ्याकडे केलं,
आणि सगळं सांगितलं, सावकाश,
आवाज न करता.

मी सांगलीहून शिकून आलेली, आवाज मोजणारी,
ते ओठ उघडताना पाहिले, मिटताना पाहिले.
एकच शब्द हाती लागल्यासारखा वाटला,
तो मनात मराठीत लावून पाहिला:
आपली? की संपली?
ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात.

पुन्हा विचारायला जीभ वळली नाही.
कार्डावर लिहिलं: दोन्ही कान, प्रतिसाद नाही.

कोट चढवत ती दारापाशी थांबली.
"दाढेचं बघ हं," म्हणाली,
या वेळी आवाज काढून.